आधी त्याला विचारा

बौद्धिक दिव्यांग माणूस दवाखान्यात आला की प्रश्न त्याला नव्हे, सोबत आलेल्याला विचारला जातो. तिशीचा गडी समोर स्टुलावर बसलेला असतो आणि "याला काय होतंय?" याचे उत्तर आई देते. आधी वॉर्डात आणि नंतर वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे इतक्या वेळा पाहिले आहे की कुणालाच त्यात वावगे वाटत नाही. भोगावे लागते ते त्या माणसाला. दाढ किडलेली असते, कान ठणकत असतो, चार दिवस शौचाला झालेले नसते. सांगता येत नाही म्हणून तो डोके आपटतो, ताट भिरकावतो. घरचे म्हणतात, डोकं फिरलंय. मग झोपेची गोळी मागितली जाते, तोंड उघडून दाढ कुणी बघत नाही.

आपले आपण बोलणे या माणसांना जमते का? जमते, आणि त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. स्वीडनमध्ये बेंग्ट निर्ये या कार्यकर्त्याने अशा तरुणांचे क्लब उभे राहायला मदत केली. अध्यक्ष निवडायचा, हात वर करून मत द्यायचे, ठराव मांडायचा, हे सगळे तिथे शिकवले गेले. १९७० साली माल्मो शहरात त्यांची परिषद झाली. सुमारे ५० प्रतिनिधी आले. कामाचा नीट पगार हवा, राहायला स्वतःची जागा हवी, सुट्टी कशी घालवायची ते आम्ही ठरवू, आणि शहरात फिरायला नेताना आमचा मोठा घोळका करून नेऊ नका. ही शेवटची मागणी कुठल्या तज्ज्ञाला सुचली असती?

पुढे १९७३ मध्ये कॅनडात अशीच एक परिषद भरली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातून काही जण गेले. तिथे बोलणारे बहुतेक साहेब लोकच, हे त्यांच्या लक्षात आले. परत येऊन १९७४ मध्ये सेलम शहरात त्यांनी आपली संघटना काढली. आम्हाला मतिमंद म्हणू नका, आम्ही आधी माणसे आहोत, असे सभेत एकाने म्हटले आणि त्यातून नाव पडले 'पीपल फर्स्ट', म्हणजे आधी माणूस. त्याच वर्षीच्या पहिल्या मेळाव्याला ५६० लोक आले.

या कामात पुढारी दिव्यांग माणूसच असतो. धडधाकट माणूस असतो मदतनीस. बहुतेक गटांमध्ये त्याला मत नसते. चिठ्ठी वाचून दाखवणे, बसभाड्याचा हिशेब समजावणे, पाहुण्याला फोन लावून देणे, एवढेच त्याचे काम. सगळ्यात अवघड काम गप्प राहण्याचे. कानात उत्तर सांगणारा मदतनीस सभा बुडवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

न विचारण्याची किंमत आपल्या महाराष्ट्राने पाहिली आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या काही बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिले गेले मासिक पाळीच्या स्वच्छतेचे. महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना कुणी काय विचारले होते? आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १० सांगते की, व्यक्तीने स्वतः समजून-उमजून संमती दिल्याशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येणार नाही. पाळी सुरू झालेल्या लेकीला पॅड बदलायला शिकवायला कधी महिने लागतात. पण बहुतेकींना ते शिकवता येते.

"ताई, त्याला काय कळतंय?" असे आया आम्हाला म्हणतात. त्यांना दोष कसा द्यावा? वीस-वीस वर्षे एकटीने वागवलेले ओझे आहे ते. तरी आमचा आग्रह असतो की, विहारात किंवा समाजमंदिरात महिन्यातून एकदा चार-पाच जणांना जमवा. विषयपत्रिका चित्रांची करा. भिंतीवर माणसाच्या शरीराचे चित्र लावा आणि दुखते तिथे बोट ठेवण्याचा सराव घ्या. प्रश्न एकच विचारा, मग थांबा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. "दुखतंय ना?" असे विचारले तर पुष्कळ जण आपल्याला बरे वाटावे म्हणून हो म्हणतात. म्हणून दोन पर्याय द्या, नंतर तेच उलट क्रमाने विचारा.

विचारायला लागलात की नकारही ऐकावा लागेल. कुणी म्हणेल, मला ही गोळी नको. रागावण्याआधी का ते विचारा. दिवसभर गुंगी येते, असे उत्तर आले तर तेच डॉक्टरांसमोर त्याला स्वतः सांगू द्या, डोस किंवा औषध बदलण्याचा विचार ते करू शकतात. मात्र फिटची गोळी कुणीही आपल्या मनाने बंद करू नये.