आरीच्या टोकाची खाच

कापडात सुई शिरली की धागे बाजूला सरकतात, सुई गेली की पुन्हा जवळ येतात. चामड्याचं तसं नाही. चामड्यात वीण नसते. सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं घट्ट जाळं असतं, आणि त्यात पाडलेलं भोक कायमचं राहतं. उसवून पुन्हा शिवायची सोय नाही. भलत्या जागी आरी घुसली की तो तुकडा वाया गेला.

छंदांवरच्या विशेषांकासाठी संपादकांनी चामड्याचं काम हा विषय दिला, तेव्हा नाशकात हे हौसेने करणारं कोणी सापडेल का, अशी मला शंका होती. सापडले. बहुतेक जण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरी करणारे. रविवारी गॅलरीत पाट मांडून पाकिटं, कमरेचे पट्टे, घड्याळाचे पट्टे, चाव्यांची कव्हरं करतात. त्यांतले एक टूलरूममध्ये वर्षानुवर्षं काम केलेले गृहस्थ आहेत. यंत्राच्या करवतीचं निकामी झालेलं पातं ग्राइंडरवर घासून त्यांनी स्वतःची रापी, म्हणजे चामडं कापायचं-तासायचं हत्यार, बनवली आहे. हाय स्पीड स्टीलचं ते पातं धार फार काळ टिकवून धरतं. घासताना मात्र ते घटकेघटकेला पाण्यात बुडवतात. पातं तापू द्यायचं नाही, ही टूलरूमची सवय. ही कला कुठे शिकलात, असं विचारल्यावर ते मला गाडीवर बसवून सी.बी.एस. म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या एका पत्र्याच्या स्टॉलपाशी घेऊन गेले. तिथल्या मामांपाशी.

मामांबद्दल लिहिण्याआधी थोडा मागचा हिशेब मांडायला हवा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना आज ठिबकने पाणी मिळतं. इंजिन आणि विजेचे पंप येण्याआधी विहिरीतलं पाणी वर यायचं ते मोटेतून, आणि मोट चामड्याची असायची. मोठी पिशवी, तिला खाली निमुळती सोंड, पिशवीला जाड नाडा, सोंडेला वेगळी बारीक दोरी. मोट वर आली की सोंड सैल सुटून पाणी थारोळ्यात पडायचं. पाण्याने भिजलेली, बैलांच्या ताकदीने ताणलेली ती शिवण दिवसभर टिकायला लागायची. पखाली, तेलाचे बुधले, बैलांचा साज, आसूड, वहाणा, सगळं ही मोट शिवणाऱ्या हातांचंच. चामडं कमावणारे ढोर आणि त्याच्या वस्तू करणारे चांभार यांच्यावाचून शेती चालत नव्हती. गावाने त्यांचं काम घेतलं आणि त्यांना मात्र वेशीबाहेर ठेवलं. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चामड्याला हात लावणं निषिद्ध होतं, ती माणसं आज रविवारी हौसेने रापी धरतात. मला ही चांगली गोष्ट वाटते. पण ज्यांच्याकडून शिकायचं त्यांच्या जगण्याकडे न बघता नुसतं कौशल्य उचलून आणलं, तर ती अर्धीच चांगली आहे.

सरकारी कागदांत मामांसारख्यांना गटई कामगार म्हणतात. त्यांच्यासाठी १९७४ पासून संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आहे, आणि रस्त्याकडेला बसणाऱ्यांना पत्र्याचे स्टॉल द्यायची समाजकल्याण खात्याची योजना आहे. मामांचा स्टॉल तसाच. आत संत रोहिदासांची तसबीर, भिंतीला फरमे, समोर लोखंडी ऐरण, पाण्याचं डबडं, मेणाचा गोळा आणि आऱ्या.

मी तिथे रापीबद्दल विचारायला गेले होते. नजर खिळली ती आरीवर.

आरी म्हणजे लाकडी मुठीत बसवलेला पोलादी सुळका. टोकाशी एका अंगाला तिरपी खाच असते, जेमतेम दिसेल इतकी. मामा चपलेचा तळ आणि पट्टा एकावर एक दाबून धरतात आणि वरून आरी खुपसतात. टोक खाली जिथे बाहेर पडतं, तिथे डाव्या हाताची बोटं मेण लावलेला दोरा घेऊन थांबलेली असतात. तो हात त्यांना दिसत नाही. चपलेखाली, अंधारात, बोटं दोरा बरोबर खाचेत अडकवतात. मग आरी वर ओढली जाते आणि तिच्याबरोबर खालच्या दोऱ्याचा फास वर येतो. वरच्या दोऱ्याचं टोक त्या फासातून ओवायचं, दोन्ही हातांनी दोन्हीकडे ताण द्यायचा, टाका बसला. शिलाई मशीनचा टाकाही असाच, फक्त उलटा. तिथे खाचेच्या जागी सुईच्या टोकाशी नेढं असतं, फास वरच्या दोऱ्याचा खाली पडतो आणि त्यातून बॉबिनचा दोरा जातो.

गंमत परतीच्या वाटेत आहे. खुपसताना आरीला अडवायला काही नसतं. वर येताना मात्र खाच चामड्याच्या तंतूंत अडकू शकते. अडकली की एक तर चामडं फाटतं, नाही तर दोरा तुटतो. म्हणून ओढण्याच्या क्षणी मामा मनगट किंचित फिरवतात. आरीचं पातं चपटं, त्यामुळे भोकही लांबट पडतं. मनगट वळलं की खाच भोकाच्या रुंद बाजूला येते आणि फास सुखरूप निघतो. हे मी पुन्हा पुन्हा बघितलं तेव्हा कुठे कळलं. मामांना विचारलं तर ते म्हणाले, “मी कुठं फिरवतो, ताई?” मग स्वतःच्याच हाताकडे बघत त्यांनी एक टाका घातला आणि हसले.

नवी आरी ते तशीच वापरत नाहीत. खाचेच्या कडा दोऱ्याला कापतात, म्हणून आधी बारीक पॉलिश पेपर दोऱ्यासारखा वळून त्या खाचेतून ओढत बसतात. दोरा दोनदा-तीनदा न तुटता निघाला की आरी कामाची झाली. दुसरी कसोटी ताणाची. दोन दोरे एकमेकांना जिथे अडकतात ती आढी चामड्याच्या जाडीच्या मधोमध बसली पाहिजे. वर आली तर पायाने झिजते, खाली गेली तर रस्त्याला घासून तुटते. टूलरूमवाल्यांनी मामांच्या टाक्यांमधलं अंतर व्हर्नियरने मोजलं होतं. खुणेची रेघ नाही, पट्टी नाही, तरी फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. ज्यांचं आयुष्य मोजमापात गेलं त्या माणसाने हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात आदर होता.

हौशी मंडळी सहसा दुसरी शिवण घालतात, खोगीर शिवणाऱ्यांची. दोरा एकच, शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट, आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया. दात असलेल्या पंचावर मोगरी मारून भोकं आधीच पाडून घ्यायची आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. वेळ फार लागतो. पण एक टाका तुटला तरी दुसरं टोक शेजारचे टाके धरून ठेवतं. मशीनच्या शिवणीत एक दोरा तुटला की पुढचे टाके सुटत जातात. घोड्याच्या तंगात स्वाराचा जीव अडकलेला असल्यामुळे ही शिवण टिकून राहिली. बाकी कामं म्हणजे दुमडायच्या जागी चामडं रापीने तासून पातळ करणं, कापलेल्या कडा ओल्या करून लाकडाने घोटणं, नक्षी उठवायची असेल तर चामडं आधी पाण्याने दमट करणं. पट्टा कापायचा तर पाठीच्या कण्यालगतच्या भागातून. पोटाकडचं चामडं ताणलं की लांबतच राहतं.

दमट करून नक्षी उठवायला झाडपाल्यावर कमावलेलं चामडं लागतं. बाभळीची साल, हिरडा अशा तुरट द्रव्यांत कातडं मुरवायची ही जुनी रीत कोल्हापुरी चपलेमुळे महाराष्ट्रात ओळखीची आहे. पण आज बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. त्या प्रक्रियेचं पहिलं व्यवहार्य पेटंट ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये अमेरिकेत घेतलं. १८९३ मध्ये मार्टिन डेनिसच्या पद्धतीने ती आणखी सोपी झाली आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. दोन्हींतला फरक घरी ओळखता येतो. चामड्याचा एक बारीक तुकडा उकळत्या पाण्यात टाकायचा. झाडपाल्याचं चामडं आक्रसून टणक होतं, क्रोमचं बहुधा जसंच्या तसं राहतं. कापलेली कड निळसर राखाडी असली तरी ते क्रोमचं. पण ओळखण्यासाठी म्हणून तुकडा जाळून बघू नये. क्रोमियमचं विषारी रूप त्या राखेत आणि धुरात तयार होऊ शकतं.

नाशकात हौशी माणसाला चांगलं चामडं मिळणं सोपं नाही. पंचवटी एक्स्प्रेसने दादर गाठून धारावीत जायचं आणि जाडी बोटांनी चाचपून चौरस फुटांवर घ्यायचं, हा अजूनही खात्रीचा मार्ग. तिथे मोठा कपटा मिळाला तर पाकिटांचं काम स्वस्तात होतं.

आता ज्याने माझी झोप उडवली त्याबद्दल. छंद म्हणून चामडं हातात घेणारा पहिल्यांदा पात्याला घाबरतो. पात्याची भीती रास्त आहे. बोथट रापीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, म्हणून धार सतत लावावी, आणि दुसरा हात कधीही पात्याच्या वाटेत ठेवू नये. पण जखम दिसते आणि भरते. चामड्याच्या कामातले खरे धोके दिसत नाहीत.

एक म्हणजे धूळ. इंग्लंडमधल्या नॉर्थम्प्टनशरच्या बुटांच्या कारखान्यांतल्या कामगारांना नाकाच्या पोकळीचा कर्करोग सर्वसाधारण लोकांपेक्षा पुष्कळ जास्त होतो, हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने चामड्याची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारी म्हणून सिद्ध झालेल्या गोष्टींत घातली आहे. कडा पॉलिश पेपरने किंवा छोट्या मोटरवर घासताना जी भुकटी उडते ती हीच. उपाय साधा आहे. कड ओली करून घासायची, जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसायची, आणि करोनाच्या काळात घरोघरी आलेला एन-९५ मास्क नाकावर नीट बसवायचा.

दुसरा धोका चिकटवायच्या सोल्युशनचा, आणि तिथे एन-९५ काही कामाचा नाही, कारण तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. रबराचं सोल्युशन ज्या द्रावकात विरघळलेलं असतं तो द्रावक उडून जातो तेव्हाच ते चिकटतं. इस्तंबूलच्या चपला-बूट करणाऱ्यांच्या गोंदात बेन्झिन होतं. मुझफ्फर अक्सॉय या डॉक्टरने १९७० च्या दशकात त्यांच्यातले रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण नोंदवत नेले, आणि बेन्झिन आणि हा आजार यांचा संबंध जगाला मान्य करावा लागला. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरी बसून सँडल चिकटवणाऱ्या बायकामाणसांचे हातपाय बधिर व्हायला लागले. कारण निघालं हेक्झेन. शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते लांबच्या नसा आधी खातं, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. ही घरात काम करणारी माणसं होती, हे हौशी मंडळींनी लक्षात ठेवावं. बेडरूमचं दार लावून कधी चिकटवू नये. डब्याचं झाकण उघडं ठेवू नये. ही वाफ पेटते, तेव्हा गॅस, निरांजन, उदबत्ती जवळ नको.

आणि ही वाफ हवेपेक्षा जड असते. उडते आणि खाली साचते. वर छताला एक्झॉस्ट फॅन लावून खाली मांडी घालून बसणाऱ्याला फारसा लाभ नाही. मामांच्या स्टॉलला तीन बाजूंनी पत्रा आहे. मामा जमिनीपासून वीतभर उंचीच्या पाटावर बसतात, उघडा डबा त्यांच्या गुडघ्याशी असतो आणि तोंड डब्यावर वाकलेलं. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापला की सोल्युशन लवकर वाळतं, म्हणजेच वाफ जास्त निघते. संध्याकाळी डोकं जड होतं, असं ते म्हणाले. उन्हामुळे होतं, असं त्यांना वाटत होतं.

टूलरूमवाल्यांनी त्यांना दोन गोष्टी आणून दिल्या. एक अरुंद तोंडाची, झाकणातच ब्रश असलेली बाटली. सोल्युशन तिच्यात ओतून ठेवलं की दिवसभर डबा उघडा राहत नाही. ती मामांनी लगेच घेतली, कारण मालही कमी वाळून फुकट जातो. दुसरा होता पाण्यावर आधारलेला गोंद. तो त्यांनी वापरून बघितला आणि बाजूला ठेवला. गिऱ्हाइकाची एक चप्पल मामांच्या हातात असते, ते स्वतः एका पायावर उभं असतं आणि त्याला बस पकडायची असते. सोल्युशन दहा-पंधरा मिनिटांत दाब द्यायला तयार होतं. पाण्याचा गोंद अर्धा-पाऊण तास घेतो, आषाढ-श्रावणात त्याहून जास्त. रविवारी गॅलरीत बसलेल्या माणसाला तेवढा वेळ असतो. तळ नव्याने बसवायचा असेल आणि चप्पल दुसऱ्या दिवशी न्यायची असेल तर मामा आता पाण्याचा गोंद वापरतात. रस्त्यावरच्या तातडीच्या कामाला नाही.

मग तिसरी गोष्ट झाली. स्टॉलच्या मागच्या पत्र्याला खालच्या बाजूला भोकं पाडून जाळी बसवली, वाफ जिथे साचते तिथेच तिला वाट मिळावी म्हणून. वास बराच कमी झाला. पाऊस लागल्यावर मागून वाहणारं पाणी आत यायला लागलं, तेव्हा मामांनी आतून पुठ्ठा लावून जाळी बंद करून टाकली. आता त्या जागी बाहेरच्या अंगाला तिरपी झडप बसवायची आहे. तिचं माप घेऊन झालं आहे, पत्रा कापायचा आहे, आणि दर वेळी गेलं की मामा विचारतात, “झडप कधी आणताय?”