विजेची मागणी : समजुती आणि वस्तुस्थिती

लोकसंख्या वाढली आणि उन्हाळा तापला की विजेची मागणी वाढते, ही समजूत सर्वस्वी खोटी नाही; पण मागणीचा बराच मोठा भाग लोकांच्या व्यवसायावर, मिळकतीवर आणि सरकारी तजविजीवर ठरतो, हे तीत झाकले जाते. मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा माणसे तेवढीच होती व ऊनही चढत होते; तरी कारखाने आणि कचेऱ्या बंद पडताच एप्रिलमधील देशाचा वीजवापर आदल्या वर्षीच्या एप्रिलहून पंचमांशाहून अधिक घटला. त्याच महिन्याच्या 5 तारखेला सरकारी आवाहनावरून रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरोघरी दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने, म्हणजे अपेक्षेच्या दुपटीहून अधिक खाली आली.

दुसरी समजूत शेतकऱ्यावर अन्याय करणारी आहे. कृषिपंपांमुळे विजेची उधळपट्टी होते असे शहरात सर्रास बोलले जाते. परंतु महाराष्ट्रात पंपांना थ्री-फेज पुरवठा पाळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास मिळत आल्यामुळे, मोटर केव्हा चालावी हे पिकापेक्षा वेळापत्रकच ठरवीत आले आहे. रात्री-अपरात्री बांधावर जाणे सापविंचवांच्या भयाने नकोसे होते, म्हणून शेतकरी ऑटो-स्विच बसवतो, आणि वीज येताच मोटर आपोआप सुरू होऊन, भरलेल्या वाफ्यातूनही पाणी वाहत राहते. त्यात असंख्य पंपांना मीटर नाही. आकारणी अश्वशक्तीवर होत आली, आणि जून 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत जाहीर झाली. जो वापर मोजलाच जात नाही तो अंदाजाने मांडावा लागतो, आणि अशा अंदाजात गळती व चोरी सहज मुरते. शेतीच्या नावावर दिसणारी सगळी वीज शेतातच गेली, असे मानण्यास आधार नाही.

दर वाढवला की मागणी घटते, हेही अर्धेच खरे. शेती व गरीब घरे यांच्या सवलतीचा भार वाहणारा मोठा कारखानदार महाग वीज घेण्याऐवजी स्वतःची निर्मिती उभारतो किंवा 2003 च्या वीज कायद्यानुसार मुक्त प्रवेशाने बाहेरून वीज आणतो. त्याची गरज तशीच राहते, केवळ वितरण कंपनीच्या खात्यातून तो वजा होतो, आणि मागे राहिलेल्या लहान ग्राहकांवर बोजा चढतो.

म्हणून कृषिपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्यांवरील प्रत्यक्ष मोजणी दर महिन्याला, वाहिनीनिहाय, जनतेपुढे ठेवली जावी आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, एवढी मागणी आपण सर्वांनी लावून धरावी.