गुठळी दिसली म्हणजे टायफॉइड?

पावसाळ्यात साताऱ्या-सांगलीकडच्या कुठल्याही दवाखान्यात ‘विडाल करून आणा’ हे ऐकू येतं. संध्याकाळी रिपोर्टवर ‘टीओ 1:160’ दिसतं आणि घरी फोन जातो : टायफॉइड निघाला.

फर्नांड विडाल यांची 1896 मधली ही चाचणी जंतू शोधतच नाही. त्यातले मारलेले साल्मोनेला जंतू प्रयोगशाळेचे असतात. त्यांना चिकटून गुठळी करणाऱ्या अँटिबॉडी रुग्णाच्या रक्तात आहेत का, एवढंच कळतं. त्या जुन्या तापाच्या, लशीच्या किंवा साल्मोनेलाच्या भाऊबंदांच्याही असू शकतात. उलट खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात त्या बऱ्याचदा सापडत नाहीत. एकट्या विडालवर टायफॉइडचा शिक्का मारून डेंगीसारखा दुसरा ताप अंगावर काढला जातो, हे मला फार गंभीर वाटतं.

संशोधनासाठी विकत मिळणाऱ्या साल्मोनेलाच्या अँटिबॉडी म्हणजे औषध, असंही काहींना वाटतं. त्या फक्त ओळख पटवण्यासाठी असतात. मारलेले जंतू सशाला टोचून त्याच्या रक्तातून अँटिसीरम काढतात. किंवा कोहलर आणि मिलस्टीन यांनी 1975 मध्ये दाखवलेल्या पद्धतीने एकाच साच्याच्या अँटिबॉडी पेशींकडून बनवून घेतात. इथे जंतू रुग्णाचा आणि अँटिबॉडी प्रयोगशाळेची, म्हणजे विडालच्या बरोबर उलट.

मग अँटिसीरम तरी जंतूचं नाव सांगतं का? मिरजेत डॉक्टर होणाऱ्या किंवा शिरवळला पशुवैद्य होणाऱ्या मुलांनी हे काचपट्टीवरच पाहावं. सलाईनच्या थेंबात कल्चरवर वाढलेली जंतूंची वसाहत कालवली की पाण्यात दूध पडल्यासारखा एकसारखा गढूळपणा यायला हवा. नुसत्या सलाईनमध्येच गुठळ्या झाल्या, तर त्या वसाहतीवरची चाचणी ग्राह्य धरता येत नाही. नीट कालवली गेली, तर ओ-9 अँटिसीरमचा थेंब टाकून पट्टी हलवायची. जंतूवर ओ-9 ही खूण असली, तर मिनिटभरात बारीक दाणे दिसतात. पण ही खूण माणसाला टायफॉइड करणाऱ्या टायफीवर आहे, जुलाब घडवणाऱ्या एन्टरायटिडिसवर आहे आणि कोंबड्या मारणाऱ्या गॅलिनेरमवरही आहे! वेगळेपण कळतं ते शेपट्यांच्या खुणांवरून : टायफीची ‘डी’, एन्टरायटिडिसची ‘जी-एम’, गॅलिनेरमला शेपटीच नाही. शिवाय टायफीवर ‘व्हीआय’चं आवरण असलं, तर ओ-9 लावूनही गुठळी होत नाही. उकळत्या पाण्यात ठेवून ते उतरवावं लागतं, मग खूण उघडी पडते. आणि हे व्हीआय काही सिट्रोबॅक्टर जंतूंवरही असतं. म्हणून जैवरासायनिक चाचण्यांची जोड लागते. साल्मोनेलाचे 2500 हून जास्त सिरोटाइप आहेत; नेमका प्रकार ठरवण्यासाठी देशात कसौलीचं राष्ट्रीय केंद्र आहे.

पोल्ट्रीवाल्यांना विनाकारण दोष देणारा समजही खोडायला हवा : कोंबडी-अंड्यांतून टायफॉइड होतो. टायफी माणसातच राहतो आणि माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्या-अन्नातून पसरतो. कोंबड्यांमधले एन्टरायटिडिस, टायफिम्युरियम मात्र जुलाब-उलट्या घडवतात, तेव्हा अंडं आणि कोंबडीचं मटण पूर्ण शिजलेलंच खावं.

ताप हटत नसेल, तर डॉक्टरांना रक्ताच्या कल्चरबद्दल विचारा, शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. जंतू वाढला तर त्याला कोणतं औषध लागू पडेल हेही कळतं, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन आता पूर्वीसारखं भरवशाचं राहिलेलं नाही.