पाव मिलिमीटरचं गणित

२२ ऑगस्ट २०१८. इंडोनेशियातल्या पालेमबांगमध्ये आशियाई स्पर्धेची २५ मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी. कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफस्वान यांगपाइबून, दोघींचे ५० गोळ्यांनंतर ३४-३४ गुण. शूट-ऑफ झाला, त्यातही चार-चार अशी बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीनं पाचपैकी तीन अचूक मारले, यांगपाइबूननं दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी राही पहिली भारतीय महिला ठरली.

असं पदक आलं की घराघरांत एक प्रश्न येतो. समजा, मुंबईत माहुलच्या सात मजली पुनर्वसन इमारतींतली अकरावीतली मुलगी म्हणाली, "मलाही हे शिकायचंय." आई-बाबा पहिलं विचारणार: पिस्तूल केवढ्याला पडतं, आणि त्यातलं स्वस्त पण अचूक कोणतं? प्रश्न अगदी रास्त आहे. पण याचं उत्तर किंमतपत्रकात शोधण्याआधी भूमितीत शोधावं, असं माझं ठाम मत आहे. ती भूमिती शाळेतल्या समरूप त्रिकोणांपलीकडची नाही.

या प्रकारात पिस्तूल एकाच हातानं, कशाचाही आधार न घेता धरायचं असतं. नळीवर पुढे एक माशी असते आणि मागे खाच. खाचेच्या बरोबर मध्ये माशी दिसली की नेम सरळ. माशी आणि खाच यांच्यातलं अंतर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. लक्ष्य २५ मीटरवर, म्हणजे या अंतराच्या सुमारे ११४ पट लांब. त्यामुळे माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर गोळी लक्ष्यावर ११४ मिलिमीटर बाजूला जाते. अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळीचा नुसता स्पर्श झाला तरी गुण मिळतो हे धरलं, तर माशीला सरकायला जागा उरते पाव मिलिमीटरची.

आता दुसरी चूक बघा. माशी आणि खाच जुळलेलीच आहेत, पण अख्खा हात पाच मिलिमीटर डावीकडे डुलला. गोळीही पाच मिलिमीटरच डावीकडे जाईल आणि दहा गुण शाबूत राहतील. सरळ धरलेल्या हाताला सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक थरथर असतेच, ती कोणाच्याच हाताची जात नाही. नवखा नेमबाज याच डुलण्याशी झगडत बसतो. खरं नुकसान कोनाच्या चुकीनं होतं, आणि कोन बिघडतो तो बहुतेक वेळा ट्रिगर ओढण्याच्या क्षणी.

म्हणून खरेदीत सगळ्यात आधी ट्रिगर. या प्रकारात ट्रिगरचा ताण किमान १००० ग्रॅम असावा लागतो. स्पर्धेआधी पिस्तूल उभं धरून, ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवून तो तपासतात. पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम चालतं. म्हणजे जेवढं वजन आपण तोलतोय, जवळजवळ तेवढाच जोर एका बोटानं लावायचा, आणि बाकीच्या हातानं हलायचं नाही. चांगला ट्रिगर एका ठरलेल्या जागी अडतो आणि तिथून न घसटता सुटतो. रखडत येणारा ट्रिगर शेवटच्या क्षणी बोटाला ढकलायला लावतो. त्यातच तो पाव मिलिमीटर जातो.

दुसरी गोष्ट मूठ. काडतुसांची मॅगझीन मुठीतून घालायची असेल तर मुठीची जाडी आणि कोन मॅगझीन ठरवते, हाताला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. वॉल्थरच्या १९६८च्या जीएसपी पिस्तुलात मॅगझीन ट्रिगरच्या पुढे आहे. इटलीची पार्दिनीही तीच रचना वापरते. मूठ मोकळी झाली आणि लाकूड हाताच्या मापानं घडवता आलं. ही पिस्तुलं महाग असण्यामागे नळीइतकीच ही मूठ आणि तो ट्रिगर आहे. लहान तळव्याच्या मुलीला सैल मूठ दिली तर जगातली उत्तम नळीसुद्धा तिच्या कामाची नाही.

मग नळीचं काय? इथे स्वस्त पिस्तुलांच्या बाजूनं बोलायला भरपूर आहे. १९४९ साली अमेरिकेत बिल रुगरनं पॉइंट टू-टूचं (म्हणजे ०.२२ इंची, या प्रकारात चालणाऱ्याच मापाचं) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल साडेसदतीस डॉलरला विकायला काढलं. पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून घडवायचे आणि वेल्डिंगनं जोडायचे, ही त्याची मूठ. वर एक पोलादी नळकांडं, त्यात पक्की बसवलेली नळी, आणि मागेपुढे सरकणारा बोल्ट नळकांड्याच्या आत. उत्पादन स्वस्त झालं ते या रचनेमुळे, आणि अचूकताही तिनंच दिली. गोळी सुटताना नळी हलत नाही, माशी आणि खाच एकाच न हलणाऱ्या तुकड्यावर बसतात. पोलिसांच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलांत बहुधा नळी दर गोळीला खाली झुकते आणि परत जागेवर येते. त्यामुळे तिथे तेवढीच अचूकता मिळवायला जास्त बारीक कारागिरी लागते.

स्वस्त आणि अचूक यांची गाठ घालणारा आणखी एक माणूस मला फार मोठा वाटतो. सोव्हिएत संघातला मिखाईल मार्गोलिन. तरुणपणी डोक्याला झालेल्या जखमेनं त्याची दृष्टी कायमची गेली. तरी त्यानं हातांनी चाचपून, नमुने घडवून पॉइंट टू-टूचं लक्ष्यवेधी पिस्तूल रचलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते कारखान्यात तयार होऊ लागलं आणि कित्येक वर्षं क्लबांतल्या साध्या नेमबाजांच्या हाती राहिलं. ज्या यंत्राचं सारं काम नजरेचं, ते एका अंध माणसानं घडवलं.

गोळी सुटल्यावर पिस्तूल आपोआप दुसरं काडतूस भरतं, त्या हालचालीनं नेम बिघडत नाही का, ही शंका बरेच जण काढतात. आकडे मांडून पाहू. गोळीचं वजन २.६ ग्रॅम. ती सुमारे १५ सेंटिमीटरच्या नळीतून साधारण एक मिलिसेकंदात बाहेर पडते. तिच्या मागचा वायू काडतुसाच्या पुंगळीला मागे ढकलतो आणि पुंगळी बोल्टला. बोल्ट पाव किलोचा धरला, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमानं गोळी नळीबाहेर पडेपर्यंत तो जेमतेम दीड मिलिमीटर मागे आलेला असतो. पुंगळी बाहेर फेकली जाणं, स्प्रिंग दाबली जाणं, नळीचं तोंड वर उडणं, हे बहुतांश नंतरचं. तोवर गोळी आपल्या वाटेला लागलेली असते. माणसाला धक्का जाणवून प्रतिक्रिया द्यायलाच सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. धक्क्यानं नेम चुकला असं म्हणणाऱ्याचा नेम खरं तर धक्क्याच्या भीतीनं, म्हणजे आधीच, चुकलेला असतो.

काडतुसांवर मात्र पालकांचा खरा पैसा जातो. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी ६० गोळ्या, असं वर्षभर चाललं तर बारा हजार काडतुसं होतात. सरावाला महागडी मॅच काडतुसंच हवीत का? समजा गोळीचा वेग सेकंदाला २९० मीटर आहे. २५ मीटर जाताना गुरुत्वाकर्षण तिला सुमारे ३६ मिलिमीटर खाली ओढतं. एखाद्या काडतुसात दारू थोडी कमी पडून वेग २८० झाला, तर गोळी आणखी अडीच-तीन मिलिमीटर खाली जाईल, आणि दहाचं वर्तुळ आहे ५० मिलिमीटरचं. ५० मीटरच्या रायफलवाल्यांना ही चैन परवडत नाही, २५ मीटरच्या पिस्तूलवाल्यांना परवडते. काडतूस दर वेळी फुटावं आणि बोल्ट दर वेळी पूर्ण फिरावा, एवढं सरावाला बघावं. तीन सेकंदांसाठी लक्ष्य समोर येणाऱ्या फेरीत अडकलेलं पिस्तूल सगळ्यात महाग पडतं.

बिघाडाची किंमत टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसली. २५ जुलै २०२१ला १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत भारताच्या मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं. ते दुरुस्त होईपर्यंत मोलाची मिनिटं गेली. ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. म्हणून ज्या पिस्तुलाचे सुटे भाग आणि ते उघडणारा जाणकार मुंबईत मिळतो, ते थोडं जुन्या घडणीचं असलं तरी घ्यावं.

जुनं पिस्तूल घ्यायला मी कोणाला अडवणार नाही. फक्त नळीच्या तोंडाची आतली कड भिंगातून बघावी. गोळी तिथून बाहेर पडताना वायू चारी बाजूंनी सारखा सुटायला हवा. कडेला एका बाजूनं खोक पडली असेल तर वायू तिकडून आधी निसटतो आणि गोळी ढळते. ही खोक बऱ्याचदा तोंडाकडून घातलेल्या साफसफाईच्या सळईनंच पडते. नळी नेहमी मागच्या बाजूनं साफ करावी.

माहुलच्या त्या मुलीनं मात्र पॉइंट टू-टूपासून सुरुवात करूच नये. त्याला परवाना लागतो, आणि मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडून घ्यावा लागतो. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, खाडीपलीकडे पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. अशा ठिकाणी क्लबच्या बंदुकीवर शिकावं. नंतर घ्यायचंच झालं तर आधी १० मीटरचं एअर पिस्तूल. साडेचार मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअरगनला शस्त्र नियम २०१६नुसार परवाना लागत नाही. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा आणि छर्रे काडतुसांच्या मानानं फारच स्वस्त. माशी, खाच आणि बोट यांचं नातं तेच. राहीच्या हाती पहिल्यांदा बंदूक आली तीसुद्धा शाळेच्या एनसीसीत, दुकानातून विकत घेतलेली नव्हे.

आणि घरी? पुनर्वसनाच्या त्या खोल्या २२५ चौरस फुटांच्या. तिथे १० मीटर लांबी निघत नाही, निघण्याची गरजही नाही. चूक कोनात आहे, म्हणून लक्ष्याशिवायही ती दिसते. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासायचं, आणि ट्रिगर सुटताना माशी खाचेत हलते का, एवढंच बघायचं. एअर पिस्तुलात या कोरड्या सरावाची खास सोय असते. पॉइंट टू-टूमध्ये रिकामं चालवताना काडतुसावर आपटणारी पिन काही पिस्तुलांत नळीच्या मागच्या कडेवर आदळते, म्हणून त्या कंपनीची सूचना आधी वाचावी.

माहुलला आणखी एक शत्रू आहे, हवा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पोलादावर बसलेला मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतो, आणि मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. त्या खारट थरात हवेतला सल्फर डायऑक्साइड मिसळला की गंज आणखी झपाट्यानं चढतो. तळहाताच्या घामातही मीठ आहेच. म्हणून वापर झाल्यावर पोलाद कोरड्या फडक्यानं पुसावं आणि तेलाचा पातळ हात फिरवावा. ज्या फोमच्या पेटीतून पिस्तूल आणतात तिच्यात ते कायमचं ठेवू नये, फोम ओल धरून ठेवतो. वातानुकूलित रेंजवरून बाहेर पडल्यावर पेटी लगेच उघडू नये, गार पोलादावर दव बसतं. आणि परवान्याचं पिस्तूल आलं की, शक्य असेल तिथे ते क्लबच्या शस्त्रागारातच ठेवावं. घरी ठेवायची वेळ आली तर पिस्तूल एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या.