रोशाचं तेल आणि २८ दिवसांची परीक्षा

एकोणिसाव्या शतकात खानदेशातलं रोशाचं तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि तिथून तुर्कस्तानात जाई. तिथे गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे रोशा गवताचं तेल काढायच्या भट्ट्या लागत. गुलाबाशी या तेलाचा मेळ बसे तो जिरॅनिऑल या सुवासिक रसायनामुळे. दोन्हींत ते असतं. आज तेच जिरॅनिऑल साबणात, शांपूत असतं आणि सांडपाण्याबरोबर गोमाई-तापीत उतरतं. वास गेला म्हणजे रसायन संपलं, असं आपण धरून चालतो. पण गाळाला चिकटलेलं रसायन नाकाला कळत नाही.

म्हणून 'ओईसीडी ३०१ एफ' ही चाचणी जिवाणूंचा श्वास मोजते. बंद बाटलीत क्षार घातलेलं पाणी, लिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅम रसायन आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला चिमूटभर गाळ. जिवाणूंना या रसायनाची आधी सवय लावायची नाही, दुसरं खाद्यही द्यायचं नाही. खायचं तर हेच. बाटली अंधारात, २२ अंशांना, सतत ढवळत ठेवतात. बुचाखालचा अल्कली कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्यामुळे जिवाणू जेवढा प्राणवायू ओढतील तेवढा आतला दाब उतरतो. शेजारी एक बिनरसायनाची बाटली असते. तिचा आकडा वजा करायचा. आणखी एकीत सोडियम बेंझोएट, गाळ जिवंत असल्याची खात्री म्हणून.

१ मिलिग्रॅम जिरॅनिऑल पुरतं जळायला २.९ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. २८ दिवसांत त्याचा ६० टक्के वापर झाला, आणि १० टक्क्यांवरून ६० पर्यंतची मजल १० दिवसांत गाठली, तर रसायन 'सहज विघटनशील'. जिरॅनिऑल ही परीक्षा पास होतं. त्याची साखळी उघडी, कडी नसलेली, टोकाला अल्कोहोल. जिवाणू तिथूनच कुरतडायला लागतात. गॅलॅक्सोलाइड हे कृत्रिम कस्तुरी रसायन मात्र नापास होतं. एकमेकांत अडकलेल्या कड्या, त्यांवर मिथाइलचे काटे. जिवाणूंना शिरायला फट सहज सापडत नाही. मस्क झायलीन हे दुसरं कस्तुरी रसायन तर इतकं चिवट निघालं, की युरोपीय संघात ऑगस्ट २०१४ नंतर परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. दोष कृत्रिमपणाचा नव्हे, रेणूच्या घडणीचा. कारखान्यात बनलेलं जिरॅनिऑलही जिवाणू तितक्याच आवडीने खातात.

'विघटनशील' हा शिक्का मला तरीही अपुरा वाटतो. बाटलीत प्राणवायूची ददात नसते. तापीवरच्या सारंगखेडा, प्रकाशाच्या बॅरेजमागे अडलेल्या पाण्यात ती असू शकते. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे प्राणवायू मावतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. अडीच मिलिग्रॅम जिरॅनिऑलच्या पूर्ण विघटनाला तो जवळजवळ सगळा लागेल, आणि मासेही त्याच प्राणवायूवर जगतात.