भूल दिलेल्या रुग्णाला नाकावाटे प्राणवायू

भुलीची औषधे श्वास मंद करतात. पूर्ण भुलीत तो थांबूही शकतो. शरीराला विश्रांतीतही मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर प्राणवायू लागतो. म्हणून भूल देण्यापूर्वी साधारण तीन मिनिटे मास्कने शुद्ध प्राणवायू देऊन फुप्फुसांत साठा केला जातो. गरोदर आणि लठ्ठ रुग्णांत हा साठा लवकर संपतो.

भुलीच्या वेळी प्राणवायू नाकावाटेही देता येतो. त्यासाठी साध्या नळीची दोन टोके नाकपुड्यांत बसवतात, नळी कानांमागून घेऊन हनुवटीखाली आवळतात. मिनिटाला 1 ते 6 लिटर प्रवाह असतो. हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. या नळीने तो साधारण 24 ते 44 टक्क्यांपर्यंत जातो. मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियेत, हलक्या गुंगीत एवढा पुरतो. उच्च प्रवाहाच्या यंत्रातून नाकावाटे मिनिटाला 60-70 लिटर गरम, दमट प्राणवायू देता येतो. श्वास थांबलेला असतानाही तो फुप्फुसांत ओढला जातो आणि श्वासनलिकेत नळी घालायला जास्त वेळ मिळतो.

धोकेही आहेत. बोटावरचा ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवत असतानाही रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. चेहऱ्याजवळ कॉटरी (ऊती जाळून रक्तस्राव थांबवणारे उपकरण) वापरताना प्राणवायूमुळे आग भडकू शकते.

भूल देऊन शस्त्रक्रिया करायची असेल तर बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाड्याच्या रुग्णासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जिल्ह्यातील मोठी सरकारी ठिकाणे. शस्त्रक्रियेपूर्वी दमा, घोरणे आणि आधीच्या भुलीचा त्रास भूलतज्ज्ञांना न लपवता सांगावा.