आधी वस्ती की आधी लढाई?



मागच्या पालक सभेत एका पालकांनी आम्हाला विचारले, "सर, शाळेच्या संगणक खोलीत मुले लढाईचा खेळ खेळतात, हे खरे आहे का?" होय, खरे आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर नववीचे काही विद्यार्थी 'सिव्हिलायझेशन ६' हा खेळ खेळतात. तो चालू ठेवावा की बंद करावा, हे विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत ठरेल. त्याआधी खेळ काय आहे हे सर्वांना समजावे, म्हणून आम्ही तीन शनिवार मुलांच्या शेजारी बसून तो पाहिला.

सिड मायर यांनी या मालिकेतील पहिला खेळ १९९१ साली आणला. सहावा २०१६ साली आला. यात घाईने बटणे दाबायची नसतात. बुद्धिबळासारखी पाळी असते (आमची मुले तिला गुजरातीत 'वारो' म्हणतात). षटकोनी घरांच्या नकाशावर गावे वसवायची, शेती व विद्या वाढवायची आणि राज्य टिकवायचे. आमची मुले दोघादोघांचा संघ करून संगणकाने चालवलेल्या राज्यांविरुद्ध खेळतात.

सुरुवातीला हाताशी एक वसाहतकार आणि एक योद्धा, एवढेच असते. पहिले गाव वसले की प्रश्न येतो : दुसरे गाव वसवायचे, की सैन्य उभारायचे? नवा वसाहतकार तयार केला की गावाची लोकसंख्या एकाने घटते. शिवाय प्रत्येक पुढचा वसाहतकार आधीच्यापेक्षा महाग पडतो. त्याच्याजवळ शस्त्र नसते, म्हणून सोबतीला सैनिक नसेल तर शत्रू त्याला पकडून नेतो. रानटी टोळ्यांचा हेर एखादे गाव पाहून आपल्या तळावर सुखरूप परतला, की थोड्याच पाळ्यांत त्या गावावर धाड येते.

मग वसाहत थांबवावी का? तसेही नाही. आपण थांबलो तर पाण्याजवळची चांगली जमीन शेजारी घेतो. पण फार दूर जाऊन शेजाऱ्याच्या मोठ्या गावांना लागून वस्ती केली, तर तीही टिकत नाही. २०१८ साली आलेल्या पुरवणीत 'निष्ठा' हा नियम आला. आजूबाजूला परक्यांची वस्ती दाट असेल तर आपले गाव हळूहळू आपल्यापासून फुटते. जेवढे सांभाळता येईल तेवढेच घ्यावे, हा पहिला धडा.

युद्धाचा निर्णय याहून कठीण आहे. अचानक हल्ला केला तर इतर राज्यांचा रोष वाढतो. आधी जाहीर निषेध करून पाच पाळ्या थांबले, तर रोष कमी होतो. संघात मात्र एक गोष्ट पक्की : एकाने युद्ध पुकारले की जोडीदारही युद्धात ओढला जातो.

दुसऱ्या शनिवारी हेच घडले. एका मुलाला शेजाऱ्याचे गाव दुबळे दिसले. त्याने कोणाला न विचारता युद्ध पुकारले. त्याच वेळी त्याच्या जोडीदाराचे दोन वसाहतकार त्याच शेजाऱ्याच्या हद्दीजवळून, सैनिकांवाचून चालले होते. दोन्ही पकडले गेले. जोडीदार बराच वेळ गप्प होता. मग एवढेच म्हणाला, "मला एकदा विचारलं असतंस तर!"

ते ऐकून आम्हाला आपल्याच शहरातील एक गोष्ट आठवली. १७७३ साली पेशवे नारायणराव यांचा खून झाला. पुण्यातील कारभाऱ्यांनी चुलते रघुनाथरावांविरुद्ध एकजूट केली. तेव्हा रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी फौज द्यायची आणि मोबदल्यात साष्टी व वसई घ्यायची, असे ठरले. रघुनाथरावांनी पुण्याला विचारले नाही. मुंबईच्या इंग्रजांनीही कलकत्त्याच्या आपल्या वरिष्ठांची संमती घेतली नाही! त्याच वर्षी १८ मे रोजी आणंदजवळ अडास येथे लढाई झाली. कलकत्त्याने तह अमान्य केला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरला पुण्याशी वेगळा तह केला. तरी युद्ध पुन्हा पेटले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नमावे लागले. शेवटी १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. सात वर्षांनंतर साष्टी इंग्रजांकडेच राहिली, वसई मराठ्यांना परत मिळाली आणि रघुनाथरावांच्या पदरी पेशवेपद नव्हे, फक्त नेमणूक पडली. दोन्ही बाजूंना एकेका भागीदाराने परस्पर निर्णय घेतला. त्याची किंमत सर्वांनी मोजली.

खेळ आणि इतिहास एक नव्हेत, हे आम्ही मुलांना सांगितले. खेळात हरलेला डाव पुन्हा मांडता येतो. अडासला पडलेले शिपाई परत आले नाहीत. म्हणूनच पालकांची काळजी आम्हाला रास्त वाटते.

तिसऱ्या शनिवारपासून आम्ही तीन नियम केले आहेत. वेळ एक तास, त्याहून अधिक नाही. युद्ध पुकारण्याआधी दोन्ही जोडीदारांनी वहीत कारण लिहून खाली सही करायची. आणि लढाईने काय मिळाले, काय गेले, हे शेवटी मांडायचे. पहिल्याच दिवशी वहीत दोन युद्धांचे प्रस्ताव आले. त्यातील एक लिहिता लिहिताच मागे घेतला गेला.

आमचे मत खेळ चालू ठेवावा असे आहे. परंतु आम्हीही न विचारता निर्णय घेणार नाही. पालकांनी व विश्वस्तांनी बैठकीपूर्वी एखाद्या शनिवारी यावे, मुलांच्या शेजारी बसावे, ती वही वाचावी आणि मग आपले मत द्यावे, ही नम्र विनंती.